उतरायला शिकवणारे अठरा हजार रुपये

आधी आकडा सांगून टाकते, कारण बरेच जण तेवढाच बघतात: पाचपैकी साडेतीन. उत्तर बरोबर आलंय पण मधल्या दोन पायऱ्या भलत्याच गणितातल्या आहेत, अशा पेपरला मी जसे गुण देते तसे दिलेत.

सेवा अशी. डोंगरातल्या अल्ट्रामॅरेथॉनसाठी, म्हणजे मॅरेथॉनहून लांब शर्यतीसाठी, 16 आठवड्यांचं ऑनलाइन कोचिंग. फी 18,000 रुपये, सगळी आगाऊ. रोज काय करायचं ते फोनवरच्या ॲपमध्ये येतं, आपलं घड्याळ त्याला जोडायचं, पंधरा दिवसांतून एकदा अर्ध्या तासाचा व्हिडिओ कॉल आणि 'अनलिमिटेड' मेसेज. कोच परराज्यातला, माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, हिमालयात आणि युरोपात डोंगर पळून आलेला. माझ्याशी हिंदीत बोलायचा आणि मला 'मॅम' म्हणायचा. नाव लिहीत नाही. माझ्या ग्रुपमधल्या दोघांनी दुसरीकडून घेतलेले प्लॅन मी पाहिलेत, ते आणि माझा एकाच वहीतून उतरवल्यासारखे दिसतात. तेव्हा इथे लिहिलेलं बऱ्याच ठिकाणी लागू पडेल.

मी पुण्यात धायरीत राहते, आठवी ते दहावीला गणित शिकवते, वय 46. सात वर्षं रस्त्यावर पळतेय, दोन पूर्ण मॅरेथॉन झाल्यात, दोन्ही सपाट. डिसेंबरातली राजगड-तोरण्याच्या मुलखातली एक शर्यत भरली होती: 50 किलोमीटर, एकूण चढ 2,400 मीटर. रस्त्यावरची माणसं डोंगरात गेली की त्यांची जी फजिती होते ती मी दुसऱ्यांची पाहिलेली होती, म्हणून पैसे मोजले.

पैसे मोजताना डोक्यात होता चढ. सगळ्यांच्या असतो. सिंहगडाच्या पायवाटेवर पायथ्याच्या आतकरवाडीपासून गडाच्या पुणे दरवाजापर्यंत किती मिनिटं लागतात, यावर आमच्याकडे माणसाची किंमत ठरते. पस्तीस मिनिटंवाला चाळीस मिनिटंवाल्याला ओळख दाखवत नाही. खाली किती वेळात आलात, हे मला आजवर एकानेही विचारलेलं नाही. पहिल्या कॉलवर कोचने नेमकं तेच विचारलं. 'वर चढून गेल्यावर खाली कसं येता?' मी म्हटलं, 'कसं म्हणजे? उतरून.' तो हसला नाही. मोबाइल गुडघ्याच्या उंचीला धरून कुणाला तरी उतारावर व्हिडिओ काढायला सांगा, म्हणाला.

यांनी काढला. अहो म्हणून हाक मारायची सवय नसल्याने मी त्यांना 'ए, नीट धर' असं ओरडलेलं त्यात ऐकू येतं. बाकी व्हिडिओत दिसतं ते असं: एक बाई प्रत्येक पावलाला टाच पुढे रोवतेय, गुडघा ताठ, अंग मागे, जणू खाली विहीर आहे. कोचचं उत्तर एका ओळीत आलं: 'मॅम, तुम्ही सगळा डोंगर ब्रेक दाबून उतरताय, आणि ब्रेक म्हणजे तुमच्या मांड्या आहेत.'

हे शास्त्र त्याने नीट समजावलं आणि इथे मी पूर्ण गुण दिलेत. चढताना मांडीचा स्नायू आखडत काम करतो. उतरताना तो ताणला जात असतो आणि त्याच वेळी वजन पेलत असतो. ताणत ताणत पेललं की स्नायूच्या धाग्यांना बारीक इजा होते. चढाने दम लागतो, पण दम पाच मिनिटं थांबलं की परत येतो. उताराने फाटलेल्या मांड्या त्या दिवशी परत येत नाहीत. डोंगरी शर्यतीत तिसाव्या किलोमीटरनंतर लोक चालताना दिसतात ते बहुतेक वेळा दमामुळे नाही, खाली उतरायला पाय नकार देतात म्हणून. यावर उपाय एकच, आणि तो विचित्र आहे: आधी एकदा मुद्दाम दुखवून घ्यायचं. एका चांगल्या उताराच्या व्यायामानंतर स्नायू बरा होताना असा काही शहाणा होतो की पुढचे काही आठवडे तेवढ्याच उताराने तेवढा दुखत नाही. म्हणून प्लॅनमध्ये दर बारा-चौदा दिवसांनी एक 'डाउनहिल डोस' होता. लसीसारखा.

पहिला डोस ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात. साधारण 600 मीटर उतार, सलग, न थांबता.

आता ऑगस्टच्या शेवटी सिंहगडाची पायवाट ज्यांनी पाहिलीय त्यांना पुढचं सांगायला नको. दगडांवर शेवाळ, मातीच्या टप्प्यांत पोटरीपर्यंत चिखल, घाटरस्ता दरडीच्या भीतीने कधी बंद तर कधी चालू, आणि सुट्टीच्या दिवशी त्याच वाटेवर भजी खायला निघालेलं अख्खं पुणं. तिथे पळत उतरायचं म्हणजे डिसेंबरची शर्यत ऑगस्टमध्येच संपवायची. कोचला लिहिलं. दोन दिवसांनी उत्तर: 'ओल्या ट्रेलवर पळायचीही सवय हवी.' बरोबर आहे, हवी. पण त्याच्या डोळ्यांसमोर पाइनच्या पानांची मऊ वाट होती आणि माझ्या समोर बुळबुळीत बेसॉल्ट.

मग मी आमच्या सोसायटीचा जिना काढला. अकरा मजले, मजल्याला तीन मीटर धरले तर 33 मीटर. 600 भागिले 33, अठरा वेळा. आणि उतारच हवा होता म्हणून वर जायचं लिफ्टने, खाली यायचं जिन्याने पळत. सकाळी पावणेपाचला सुरुवात केली. चौथ्या फेरीला वॉचमन खुर्चीतून उठला. 'मॅडम, तुम्ही लिफ्ट उलटी वापरताय.' मी सांगितलं, व्यायाम आहे. त्याने क्षणभर विचार केला आणि सहाव्या फेरीपासून मी यायच्या आत लिफ्ट खाली आणून दार उघडं धरून ठेवायला लागला. फॉर्म्युला वनमध्ये टायर बदलणारे असतात तसा. अकराव्या फेरीला चौथ्या मजल्यावरच्या काकू दूध घ्यायला बाहेर आल्या आणि पंधराव्या फेरीपर्यंत सोसायटीच्या ग्रुपवर 'लिफ्टचं वीजबिल सगळे मिळून भरतात' असा मेसेज पडला होता. कुणाचं नाव न घेता, अर्थात.

दुसऱ्या दिवशी काही विशेष नाही. तिसऱ्या दिवशी, सोमवारी, शाळेच्या जिन्यावरून मी कठडा धरून उलटी उतरले. तोंड भिंतीकडे, एकेक पायरी. नववी-ब मधली मुलं खालून बघत होती. एकाने अत्यंत अदबीने विचारलं, 'बाई, गृहपाठ आम्ही वर आणून देऊ का?'

पण दोन आठवड्यांनी त्याच अठरा फेऱ्या मारल्या आणि तिसऱ्या दिवशी मी माणसासारखी, तोंड पुढे करून, जिना उतरले. दुखलं, पण तिळगुळाएवढं. जे कागदावर पटलं होतं ते मांडीला पटलं. अठरा हजारांतले दहा तरी तिथेच वसूल झाले असं मी धरते.

आता घड्याळाचं भांडण. यात मी पाचपैकी अर्धा कापलाय आणि तो परत मिळणार नाही. ॲप दर आठवड्याला एकूण चढाचं लक्ष्य देतं आणि आपण केलेला चढ घड्याळातून घेतं. सप्टेंबरात मी एकाच पायवाटेवर लागोपाठ तीन शनिवार गेले. तीच आतकरवाडी, तोच पुणे दरवाजा. घड्याळाने चढ दाखवला 540, 610 आणि 720 मीटर. तिसऱ्या शनिवारी ॲपमध्ये हिरवी खूण आणि फटाके. पहिल्या शनिवारी लाल खूण आणि 'लक्ष्यापेक्षा कमी'. सिंहगडाची उंची समुद्रसपाटीपासून 1,312 मीटर आहे आणि माझ्या माहितीप्रमाणे तो सप्टेंबरात वाढत नाही.

झालं होतं असं की घड्याळ उंची मोजतं हवेच्या दाबावरून. दाब एक हेक्टोपास्कल उतरला की त्याला वाटतं आपण आठ-नऊ मीटर वर आलो. पावसाळ्यात ढग भरून आले, दाब पडला, की माणूस चहा पीत बसलेला असला तरी घड्याळाच्या हिशेबी तो चढतोय. शिवाय दाब मोजायच्या भोकात पाणी गेलं की आणखी गंमत. हे मी कोचला आकडेमोडीसकट लिहून पाठवलं. उत्तर आलं, 'डेटा ट्रस्ट करा, मॅम.' मी दहावीच्या मुलांना वर्षभर सांगत असते की उत्तर पुस्तकाच्या मागे छापलंय म्हणून बरोबर नसतं, आणि इथे माझ्याकडूनच अठरा हजार घेऊन मला उलटं शिकवत होते. त्यानंतर मी सिंहगडाची एक फेरी म्हणजे 570 मीटर असं वहीत लिहायला लागले आणि ॲपच्या लाल-हिरव्याकडे बघणं सोडलं.

हिशेबाचं निघालंच आहे तर एक जुनी गोष्ट. डोंगरात किती वेळ लागेल याचा एक ठोकताळा विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 साली मांडला. आपल्या मापात सांगायचं तर पाच किलोमीटरला एक तास, आणि वर दर 600 मीटर चढाला आणखी एक तास. सिंहगडाची पायवाट पावणेतीन किलोमीटरच्या आत-बाहेर. म्हणजे चालीचे बत्तीस-तेहेतीस मिनिटं अधिक चढाचे सत्तावन्न: दीड तास. साध्या तब्येतीच्या माणसाला पहिल्यांदा तेवढाच वेळ लागतो. हल्लीचे ट्रेल पळणारे दुसरा हिशेब धरतात: 100 मीटर चढ म्हणजे सपाटीवरचा एक किलोमीटर. त्याने पावणेतीन किलोमीटरची पायवाट साडेआठ किलोमीटरची होते. माझी 50 ची शर्यत 74 ची झाली. कोचने हे पहिल्याच आठवड्यात सांगितलं आणि लाँग रन किलोमीटरमध्ये न देता तासांत दिली, ते फार बरं केलं. रस्त्यावरचा माणूस किलोमीटर पुरे करायच्या नादात डोंगरात जीव काढतो. 'शनिवारी चार तास, रविवारी दोन तास, शनिवारच्याच थकलेल्या पायांनी' असं लिहिलं असलं की मग किती अंतर झालं हा प्रश्नच उरत नाही. सगळ्यात जड सरावाच्या आठवड्यात ते पाच आणि तीन तास झालं. रविवारच्या त्या तीन तासांत मी जेवढं शिकले तेवढं दोन मॅरेथॉनमध्ये मिळून शिकले नव्हते.

आणि हळू पळणं. बाकीचे सगळे दिवस इतकं हळू की बोलता आलं पाहिजे. त्याने 'टॉक टेस्ट' म्हटलं, मी एकोणतीसचा पाढा लावला. एकोणतीस साती दोनशे तीनला दम लागला तर चालायला लागायचं. डोंगराच्या चढावर मी पहिले सहा आठवडे एकोणतीस चोकच्या पुढे गेले नाही. नोव्हेंबरात आतकरवाडीच्या मधल्या टप्प्यावर पाढा पूर्ण झाला तेव्हा मला एखादा हत्ती-घोडा मिळाल्याचा आनंद झाला होता.

पायवाटेवर मधे जी ताक-दह्याची दुकानं लागतात त्यातल्या एका मावशींकडे मी नेमाने थांबते. त्यांचं घर खाली वाडीत, दुकान अर्ध्यात. सकाळी दह्याची मडकी डोक्यावर घेऊन वर, संध्याकाळी रिकामं सामान घेऊन खाली. ऑक्टोबरात एकदा मी उताराचा सराव करत होते, म्हणजे कोचने सांगितल्याप्रमाणे लहान पावलं, अंग सरळ, पाय शरीराच्या खाली पडला पाहिजे वगैरे, आणि मागून आवाज आला, 'बाई, बाजूला व्हा की जरा, वाट अडलीय.' मावशी. डोक्यावर क्रेट, पायात घासून गुळगुळीत झालेली रबरी चप्पल. बाजूने गेल्या आणि पुढच्या वळणावर दिसेनाशा झाल्या. मी त्यांच्या मागे लागले, दुकानातली उधारी मागायला लागल्यासारखी. त्यांची पावलं माझ्या निम्मी होती आणि वेग दुप्पट. मोठा दगड आला की त्या त्यावर पाय देतच नव्हत्या, कडेच्या मातीवर तिरपं पाऊल टाकून निसटत होत्या. मला क्रेटमागून फक्त पाय दिसत होते आणि ते पुरेसे होते. पुढच्या कॉलवर मी कोचला म्हटलं, कडेच्या मातीवर तिरपं पाऊल हे तुमच्या व्हिडिओत नाहीये. तो म्हणाला, तिरपं नको, घोटा मुरगळेल. मी तिरपंच ठेवलं. आपल्या वाटांवर मधोमध सुटे दगड असतात, पावसाने माती वाहून गेलेली असते. पाय कडेलाच ठरतो.

नोव्हेंबरात दुसरी भानगड. गवत वाळतं. कमरेएवढं पिवळं गवत वाटेवर आडवं पडलं की त्याच्यासारखी घसरण नाही, आणि त्याखाली मुरूम. रस्त्याच्या बुटांनी तर नाहीच, ट्रेलच्या बुटांचे खिळ्यांसारखे रबराचे उंचवटेही त्या गवतात नुसते तरंगतात. राजगडाच्या गुंजवण्याच्या बाजूने उतरताना मी अशी पडले की डावा गुडघा फुटला आणि तळहाताला मुरूम रुतून बसला. घरी येऊन ॲपमध्ये रक्ताळलेल्या गुडघ्याचा फोटो टाकला, खाली लिहिलं की तिसऱ्या तासाला पडले, उरलेलं चालत आले. दोन सेकंदांत उत्तर: 'ग्रेट जॉब! कीप इट अप!' मशीन होतं. माणसाचं उत्तर यायला अठ्ठेचाळीस तास लागले. 'अनलिमिटेड मेसेज' याचा अर्थ आपण कितीही पाठवू शकतो एवढाच आहे, हे घेण्याआधी समजून घ्या.

खाण्याचा भाग मोठा आहे पण मी थोडक्यात सांगते म्हणता म्हणता लांबेल. प्लॅनचं म्हणणं: पोटालाही सराव लागतो. तासाला 30 ग्रॅम कर्बोदकांपासून सुरू करा, हळूहळू 60 पर्यंत न्या, आणि हे पळतानाच करा. पूर्ण बरोबर. पण त्यासाठी यादीत होती जेल, म्हणजे पळताना तोंडात पिळायची गोड, चिकट पाकिटं. एका जेलमध्ये 20-25 ग्रॅम, म्हणजे तासाला अडीच. दहा तासांच्या शर्यतीला पंचवीस. मी घेतली ती दीडशेला एक होती. गुणाकार तुम्हीच करा. पैशांचं जाऊ दे, चौथं जेल मला परत आलं, आणि आलं ते सिंहगडाच्या दुसऱ्या बाजूच्या कल्याण दरवाजाच्या पायऱ्यांवर, खालून एक सहल वर येत असताना.

मग घरचे प्रयोग. राजगिऱ्याचा लाडू: चढावर तोंडात टाकला की भुगा थेट श्वासात, ठसका लागून डोळ्यांत पाणी. चिक्की: दाताला चिकटते आणि चावायला तोंड बंद करावं लागतं, चढावर ती चैन नाही. खजूर: उत्तम, बी काढून, आत मिठाचा एक खडा. उकडलेला बटाटा: त्याहून उत्तम. शंभर ग्रॅमला वीसएक ग्रॅम कर्बोदकं, मीठ-लिंबू लावला की सहाव्या तासालाही नकोसा होत नाही, कारण तोपर्यंत गोडाचा वीट आलेला असतो. आणि बाटलीत अर्धा लिटर पाण्याला 40 ग्रॅम गूळ, लिंबू, पाव चमच्यापेक्षा जरा कमी मीठ. सासूबाईंनी एक घोट घेऊन सांगितलं, 'हे पन्हंच आहे, नुसती कैरी विसरलीस.'

मीठ विसरू नका. ऑक्टोबर हीटमध्ये एकदा मी तहान नसताना, केवळ प्लॅनमध्ये 'तासाला 700 मिली' लिहिलंय म्हणून, साधं पाणी ढोसत राहिले. तिसऱ्या तासाला मळमळ, डोकं जड, अंगठी बोटात घट्ट. पाणी कमी पडलं म्हणून माणसं आडवी होतात, तशी साधं पाणी जास्त झाल्यानेही होतात. रक्तातलं सोडियम पातळ होतं आणि ते गंभीर प्रकरण आहे. नंतर मी पळायच्या आधी आणि नंतर वजन करून माझा घाम मोजला. गरम दिवशी तासाला साधारण 900 ग्रॅम, नोव्हेंबरच्या सकाळी 500. एकच आकडा दोन्ही महिन्यांना कसा चालेल? हा प्रश्न कोचला आवडला आणि त्याने प्लॅन बदलला. त्याचे तेवढे गुण द्यायला हवेत. माणूस हट्टी नाही, फक्त लांब आहे.

रात्रीचा सराव मात्र धमाल झाला. प्लॅनमध्ये 'तीन तास, हेडलॅम्पवर' एवढंच होतं. आम्ही पाच जणांनी कोजागिरीच्या आसपासची रात्र धरून कात्रज ते सिंहगड केलं. जुन्या बोगद्याच्या वरच्या वाघजाईच्या देवळापासून निघायचं आणि टेकडीमागून टेकडी ओलांडत सिंहगडाच्या घाटरस्त्याला लागायचं. पंधराएक किलोमीटर, पण सपाट असं काही नाहीच. टेकड्या किती, यावर पुण्यात मतभेद आहेत. कुणी तेरा म्हणतं, कुणी सोळा. मी मोजायचं ठरवून गेले आणि सातव्या टेकडीनंतर कळलं की प्रश्न मोजणीचा नसून व्याख्येचा आहे: दोन उंचवट्यांमध्ये किती खाली उतरलं तर दुसरा वेगळा धरायचा? आमच्यातल्या एकाने उत्तर दिलं, 'मॅडम, जिथे शिवी येते ती नवीन टेकडी.' त्या मापाने एकोणीस झाल्या.

तिथे कळलेली कामाची गोष्ट: कपाळावरचा दिवा आपल्या नजरेच्याच रेषेत असतो, त्यामुळे दगडाची सावली दगडामागेच लपते आणि सगळी वाट सपाट दिसते. दुसरी छोटी बॅटरी कमरेजवळ हातात धरली की सावल्या लांब पडतात, खड्डा खड्ड्यासारखा आणि दगड दगडासारखा दिसतो. उतारावर हा फरक दातांचा आहे.

काय नव्हतं तेही सांगते. 16 आठवड्यांत चार वेळा पाळी येते आणि प्लॅनमध्ये तिच्यासाठी एक रकाना नव्हता. पाळीच्या दुसऱ्या दिवशी हिल रिपीट, म्हणजे एकच चढ पुन्हापुन्हा पळणं, आले तर बाई काय करणार, हे मी विचारेपर्यंत कुणाला सुचलं नव्हतं. तसंच 'सोलो लाँग रन, पहाटे 4'. मी एकटी बाई पहाटे चारला कल्याण दरवाजाने खाली उतरून विंझर गावाच्या दिशेला जाणार नाही. बिबट्याचं सोडा, तो माझ्या वाटेला जाणार नाही. मला सोबत बघावी लागते, सोबतीची वेळ बघावी लागते, मग प्लॅनचा शनिवार रविवारवर जातो आणि ॲप लाल होतं. आणि गडांवर आग्या मोहोळं असतात, अंगाला वासाचं काही लावून जाऊ नका, कड्याखाली धूर-आरडाओरडा करू नका, हे कुठल्याच यादीत नव्हतं. ते आम्हाला ट्रेकवाल्यांनी सांगितलं, फुकट.

शर्यत झाली. 10 तास 41 मिनिटं. चढावर मला भरपूर लोकांनी मागे टाकलं. मी एकोणतीसचा पाढा म्हणत गेले. उतारावर त्यातले बरेच परत भेटले, कठडा शोधणाऱ्या माणसांसारखे, आणि तिथे कठडे नव्हते. साधारण अडतिसाव्या किलोमीटरला एका लांब सोंडेवरून खाली येताना एक तरणा मुलगा टाच रोवत, अंग मागे टाकून उतरत होता. मी कडेच्या मातीवरून तिरपी निघाले आणि तोंडातून आपसूक आलं, 'बाजूला हो रे जरा, वाट अडलीय.'

घ्यावं का? तुमच्याकडे रोज पाऊण तास आणि शनिवार-रविवारची सकाळ असेल, आधी एखादी मॅरेथॉन झाली असेल, आणि मुख्य म्हणजे समोरच्याला 'नाही, आमच्याकडे असं नसतं' असं लिहून पाठवायची सवय असेल, तर घ्या. नुसतं सांगितलेलं करणारे असाल तर ऑगस्टमध्ये पाय मोडून घ्याल. सिंहगड नेमाने चढणाऱ्या लोकांत ओळख काढलीत तर निम्मं शिक्षण फुकट होतं, पण उताराच्या डोसाचं ते कुणी सांगणार नाही. त्यांना स्वतःलाच माहीत नसतं, त्यांचे पाय वीस वर्षांत आपोआप तयार झालेले असतात.

परवा कंपनीचा मेसेज आला. पुढच्या मोसमासाठी आत्ता नाव नोंदवलं तर दहा टक्के सूट. मी उत्तर पाठवलंय: ऑगस्ट-सप्टेंबरचा तक्ता मी लिहीन, पाळीचा रकाना घाला, घड्याळाचा चढ धरू नका, आणि सूट तीस टक्के. अठ्ठेचाळीस तास आज रात्री नऊला पूर्ण होतात.